चार स्क्रूंच्या भरवशावर

वाफ ओढण्याच्या उपकरणात तार धरून ठेवणारे खांब कसे असावेत, यावर गेल्या दशकात भरपूर डोके चालवले गेले. त्यातून धोक्याची जागा बदलत गेली. धोका संपला नाही.

घरातल्या इस्त्रीच्या किंवा गिझरच्या प्लगची एक पिन काळी पडलेली बहुतेकांनी पाहिली असेल. वायरमन येतो, प्लग उघडतो, आतला स्क्रू आवळतो आणि ‘कनेक्शन लूज होतं’ एवढे सांगून निघून जातो. तार तीच, वीज तीच, इस्त्रीही तीच. फक्त तार आणि स्क्रू यांची पकड ढिली झाली आणि जिथे उष्णता नको तिथे ती तयार होऊ लागली. आता असेच एक कनेक्शन कल्पनेत आणावे. त्यातून इस्त्रीच्या चार-पाच पट प्रवाह वाहतो, ते ओठांपासून तीन-चार सेंटीमीटरवर आहे, त्याभोवतीची हवा थेट फुप्फुसात जाते आणि ते जोडणारा वायरमन म्हणजे वसतिगृहाच्या खोलीत बसलेला एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा आहे. ‘रीबिल्डेबल ॲटोमायझर’ नावाचे उपकरण म्हणजे नेमके हेच.

ई-सिगारेटचा आजचा अवतार सुरू होतो तो होन लिक या चिनी औषधशास्त्रज्ञाच्या २००३ मधील शोधापासून. सुरुवातीची उपकरणे सिगारेटसारखी दिसणारी, बंद आणि कारखान्यातूनच जुळवून येणारी होती. आतले तारेचे वेटोळे, म्हणजे कॉइल, जळाले की ते फेकून नवे बसवायचे. पुढे हौशी मंडळींना हा खर्च नकोसा झाला आणि वाफही अधिक दाट हवीशी वाटू लागली. त्यातून स्वतः कॉइल वळण्याची, स्वतः कापूस भरण्याची आणि स्वतः स्क्रू आवळण्याची पद्धत आली. यातले तत्त्व समईचे आहे. कापसाची वात द्रव शोषून वर आणते. फरक इतकाच की येथे ज्योत नसते. वातीला वेढलेली तार तापते आणि द्रवाची वाफ होते. ही तार ज्या धातूच्या चकतीवर बसते तिला ‘डेक’ म्हणतात आणि त्या चकतीवरचे तार पकडणारे इवले खांब म्हणजे ‘पोस्ट’.

भारतात २०१९ पासून ज्या वस्तूवर बंदी आहे, तिच्या खांबांची चर्चा आरोग्याच्या सदरात कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडेल. उत्तर सरळ आहे. ‘वेपिंग किती घातक?’ हा प्रश्न आपल्याकडे एकाच वस्तूबद्दल विचारल्यासारखा विचारला जातो आणि एकाच वाक्यात उत्तर मागितले जाते. प्रत्यक्षात तेच द्रव, तीच बॅटरी आणि तोच माणूस असूनही केवळ तार कशी धरली आहे यावर श्वासात काय जाणार हे बदलते. हे ज्याला ठाऊक नाही त्याला या विषयातले संशोधन वाचता येणार नाही, कायद्याच्या मर्यादा कळणार नाहीत आणि आपल्या मुलाशी बोलताही येणार नाही.

या खांबांना तीन कामे असतात. तार घट्ट धरणे, तिच्यात वीज पोहोचवणे आणि वेटोळे हवेच्या वाटेत योग्य उंचीवर ठेवणे. यातला धन खांब चकतीपासून विद्युतदृष्ट्या अलग ठेवावा लागतो. त्यासाठी त्याच्याखाली उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकची बारीक कडी असते. ऋण खांब मात्र चकतीचाच भाग असतो. म्हणजे संपूर्ण धातूची डबी ऋण आणि तिच्या पोटात धन खांब, अशी ही मांडणी. धन बाजूच्या तारेचे टोक थोडे लांब राहून झाकणाला टेकले, तर वीज कॉइलमधून न जाता थेट आडवाटेने धावते. त्यालाच आपण शॉर्ट म्हणतो.

जुन्या रचनेत तीन खांब असत. मधोमध धन, दोन बाजूंना दोन ऋण. दोन कॉइल बसवायच्या तर दोन्हींचे एकेक टोक मधल्या खांबाच्या एकाच भोकात घालावे लागे. दुसरे टोक घालताना पहिले निसटे आणि एकाच स्क्रूखाली दोन तारा आल्या की जाड तार दबे, बारीक तार ढिली राही. मधल्या खांबाला दोन भोके पाडून यावर तोडगा काढला गेला, पण जागेची अडचण तशीच राहिली. मग गेल्या दशकाच्या मध्याला दोन खांब आणि चार भोके ही रचना लोकप्रिय झाली. प्रत्येक टोकाला स्वतःचे भोक आणि स्वतःचा स्क्रू. घरातला जाणता वायरमन एका टर्मिनलमध्ये शक्यतो एकच तार घालतो. हा नियम या इवल्या चकतीवर यायला काही वर्षे लागली. तोल साधण्याच्या दृष्टीने ही रचना आजही उजवी म्हणावी लागेल. तिचा दोष एवढाच की भोकांच्या जागा आणि उंची ठरलेली असते, त्यामुळे कॉइलची टोके कधी कधी वळवून न्यावी लागतात.

त्यानंतर आली चिमट्याची रचना. येथे भोकच नाही. खांबावरची पट्टी स्क्रूने खाली दाबली जाते आणि तार मधे चिमटली जाते. चपट्या, पिळलेल्या, जाड तारांसाठी हे सोपे. पण एका पट्टीखाली दोन टोके असतील आणि त्यांची जाडी किंचितही वेगळी असेल, तर पट्टी तिरकी बसते आणि जुन्या तीन खांबांचा दोष मागल्या दाराने परत येतो. शेवटचा प्रकार बिनखांबी. चकतीतच उंचवटा, त्याला वरून भोके आणि बाजूने स्क्रू. कॉइलचे पाय आधीच मोजून कापायचे आणि वरून सोडायचे. जागा मोकळी होते, हवा चांगली खेळते आणि नवख्यालाही जमते. मात्र कापण्याचे माप चुकले तर सगळे चुकते. पाय आखूड झाले तर वेटोळे धातूला टेकण्याची भीती, लांब झाले तर वेगळीच आपत्ती. तिच्याकडे पुढे येऊ. शिवाय स्क्रू तारेला आत, नजरेआड दाबतो. पकड सुटली तरी वरून काही दिसत नाही.

उत्साही मंडळींच्या तुलनेत यापुढे चर्चा होते ती चवीची आणि ढगाची. आरोग्याच्या बाजूने पाहणाऱ्याने मात्र थोडे गणित करावे. पूर्ण भरलेल्या लिथियम बॅटरीचा दाब ४.२ व्होल्ट असतो. जुन्या पद्धतीच्या कॉइलचा रोध दीड ओहमच्या आसपास असे. प्रवाह जेमतेम पावणेतीन ॲम्पिअर. अशा जोडणीत पकड ढिली होऊन ०.०२ ओहम जादा रोध आला, तर त्या सांध्यात तयार होणारी उष्णता सुमारे ०.१५ वॉट, म्हणजे नगण्य. आता दाट वाफेसाठी वापरली जाणारी ०.२ ओहमची कॉइल घ्या. तोच ०.०२ ओहमचा ढिला सांधा, पण प्रवाह १९ ॲम्पिअरच्या घरात. कॉइलमध्ये ७३ वॉट आणि एकट्या सांध्यात ७ वॉटहून अधिक. सांध्याचा दोष तेवढाच, उष्णता जवळजवळ पन्नासपट. त्याच्या खाली आहे ती प्लास्टिकची कडी. स्वतः कॉइल वळणाऱ्यांनी रोध कमी करत नेला आणि खांबांवरची जबाबदारी त्याच वेगाने वाढत गेली, हे या साऱ्या कथेचे सार.

दोन कॉइलच्या जोडणीत आणखी एक पेच आहे. काही उपकरणांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असते आणि वापरणारा ठरावीक वॉट निवडतो. समजा त्याने ८० वॉट निवडले. दोन सारख्या कॉइल असतील तर प्रत्येकीला ४० मिळतील. एकीचे टोक सुटले आणि उपकरणाने रोधातील बदल ओळखून शक्ती कमी केली नाही, तर सगळे ८० वॉट उरलेल्या एकीवर येतात. तिची वात तेवढे द्रव पुरवू शकत नाही. वात कोरडी पडते, कापूस करपतो. समईची वात तेल संपल्यावर कशी काजळी धरते ते आठवा. इथे मात्र ती काजळी खोलीत नव्हे, श्वासनलिकेत जाते. नियंत्रण ठेवणारे उपकरण सुरक्षित आणि बिननियंत्रणाचे घातक, असे सरसकट म्हणता येत नाही ते यामुळे.

आता त्या लांब पायांकडे. कॉइलचा जो भाग वातीला वेढलेला असतो त्याची उष्णता द्रव शोषून घेतो. खांबापासून वेटोळ्यापर्यंतचा पाय मात्र उघडा असतो. तो लांब राहिला तर वेटोळ्याच्या आधी लाल होतो. खांबांमधले अंतर, भोकाची उंची आणि स्क्रूची दिशा यांवर या पायाची लांबी ठरते. आणि स्क्रू? त्याचे टोक धारदार असेल तर बारीक तार कापली जाते, बोथट असेल तर ती निसटते. दिवसातून शेकडो वेळा तापून थंड होणारी जोडणी हळूहळू सैल पडते. सतत उघडल्याने आटे झिजतात. कारखान्यात हे सगळे एकदाच, ठरल्या मापाने होते. येथे ते दर एक-दोन आठवड्यांनी टेबल लॅम्पच्या उजेडात होते.

या यंत्रशास्त्राचा रसायनशास्त्राशी संबंध थेट आहे. या द्रवात मुख्यतः प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असते. पहिले साधारण १८८ अंशांना उकळते, दुसरे २९० अंशांना. जोवर वात ओली आहे तोवर तापमान याच टापूत राहते. वात कोरडी पडली की ते झपाट्याने चढते आणि हे पदार्थ तुटू लागतात. त्यातून फॉर्मल्डिहाइड, ॲसिटाल्डिहाइड आणि ॲक्रोलीन तयार होतात. यातले ॲक्रोलीन प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. कढईतले तेल जळू लागले की डोळ्यांत आणि घशात जी चुरचुर होते, तिच्यात त्याचा मोठा वाटा असतो. फॉर्मल्डिहाइड तर कर्करोगकारक पदार्थांच्या यादीत आहे.

अमेरिकेतील पोर्टलंड स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक छोटे टिपण छापले. कमी म्हणजे ३.३ व्होल्टवर त्यांना फॉर्मल्डिहाइड सोडणारी संयुगे आढळली नाहीत. ५ व्होल्टवर ती भरपूर आढळली. त्यावर आक्षेप आला की एवढ्या तापलेल्या उपकरणाचा जळका झुरका कोणी ओढणारच नाही. दोन्ही बाजूंनी आवेशाने मुद्दे मांडले गेले. पण या वादाचे मर्म असे की व्होल्टचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. कॉइलचा रोध, वातीची भरण, पायांची लांबी आणि पकड किती घट्ट हे ठाऊक असल्याशिवाय ५ व्होल्ट सौम्य की जाळणारे हे ठरत नाही. जळका झुरका चव बिघडवून सावध करतो, हेही पूर्ण खरे मानू नये. दोनपैकी एकच कॉइल किंवा वातीचे एकच टोक करपत असेल, तर गोड फळांच्या स्वादाखाली ते झाकले जाणे अवघड नाही.

धातूंचा प्रश्न याहून मूक आहे. त्याला चवही नसते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये रोज वेप करणाऱ्या ५६ जणांची स्वतःची उपकरणे तपासली. बाटलीतल्या द्रवाच्या तुलनेत वाफेत आणि टाकीत उरलेल्या द्रवात शिसे, निकेल, क्रोमियम यांचे प्रमाण कितीतरी अधिक निघाले. म्हणजे धातू आला तो उपकरणातूनच, तापणाऱ्या भागाशी संपर्क आल्यावर. कॉइलच्या तारा निक्रोमच्या, म्हणजे निकेल-क्रोमियमच्या, किंवा लोह-क्रोमियम-ॲल्युमिनियमच्या असतात. खांब पोलादाचे किंवा पितळेचे, कधी वर सोन्याचा मुलामा दिलेले. कातकामाला सोपे जावे म्हणून पितळेच्या काही प्रकारांत शिसे मिसळतात, हे कोणताही लेथवाला सांगेल. मुलामा स्क्रूच्या घासण्याने निघतो. रचना कितीही हुशारीची असो, तापलेला धातू, आम्लधर्मी स्वादद्रव्ये आणि वारंवार घासणारा स्क्रू या तिघांचे सान्निध्य कोणत्याच खांबाला टाळता आलेले नाही.

स्फोटांबद्दलही नेमकेपणाने बोलायला हवे. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २०१७ च्या अहवालात २००९ ते २०१६ या काळातील ई-सिगारेटच्या १९५ आगी आणि स्फोटांची नोंद केली. त्यांत १३३ जण जखमी झाले, त्यातील ३८ गंभीर. पुढे २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ मध्ये टेक्सासमध्ये असे स्फोट जिवावर बेतले. या घटनांचे कारण खांब होते असे म्हणणे चूक ठरेल. मुख्य गुन्हेगार लिथियम बॅटरी. पण ज्या उपकरणात कोणतेही नियंत्रण नसते, बटण दाबले की बॅटरी थेट कॉइलला जोडली जाते, तिथे चकतीवरचा एक शॉर्ट आणि बॅटरी यांच्यात मधे कोणीही नसते. २० किंवा ३० ॲम्पिअरसाठी बनवलेल्या बॅटरीतून त्याहून किती तरी अधिक प्रवाह ओढला जातो. घरात शॉर्ट झाला तर एमसीबी पडतो. या नळकांड्यात तो नाही.

उलट बाजूही नोंदवली पाहिजे. २०१९ मध्ये अमेरिकेत फुप्फुसाच्या गंभीर विकाराची जी साथ आली, तिच्यात फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. त्यामागे प्रामुख्याने गांजातील द्रव्याच्या काडतुसांत मिसळलेले व्हिटॅमिन ई ॲसिटेट होते. खांबांचा किंवा कॉइलचा दोष नव्हता. ब्रिटनची आरोग्ययंत्रणा सिगारेट सोडू पाहणाऱ्या प्रौढांना निकोटिनयुक्त वेपचा पर्याय सुचवते आणि त्यामागे चाचण्यांचा आधार आहे. पण तो आधार प्रामुख्याने प्रमाणित उपकरणांचा आहे. युरोपीय संघाचा नियम टाकी २ मिलिलिटरची आणि निकोटिन प्रतिमिलिलिटर २० मिलिग्रॅमपर्यंत मर्यादित ठेवतो आणि उपकरणाने निकोटिनची मात्रा एकसारखी द्यावी अशी अट घालतो. ज्या उपकरणात तार, कापूस आणि पकड वापरणाराच ठरवतो, तिथे ‘एकसारखी मात्रा’ या शब्दांना अर्थ किती उरतो? उत्पादकाने तपासून घेतली ती त्याची कॉइल. ओढली जाते ती दुसरीच.

भारताने दुसरा मार्ग पत्करला. सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा. उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात सगळ्यावर बंदी. पहिल्या गुन्ह्यासाठी विक्रेत्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही. निकोटिन असो वा नसो, द्रव्य तापवून ओढायला देणारे विद्युत उपकरण या व्याख्येत बसते. बंदीच्या बाजूने सबळ कारणे आहेत आणि कोवळ्या वयात निकोटिनची सवय लागू नये हे त्यातले सर्वांत मोठे. तरीही छापे आणि जप्तीच्या बातम्या वेळोवेळी येतच असतात. चोरट्या बाजारात आज फेकून देण्याजोग्या वेपचा भरणा अधिक, हे खरे. पण चोरट्या मालाचा प्रमाणित दर्जा नसतो, कुठे तक्रार करता येत नाही आणि वाकड्या खांबाची नक्कल मूळ म्हणून विकली तर विचारणारा कोणी नाही. बंदी ही विक्रीवरची असते. तिचा अर्थ बोलण्यावर बंदी असा घेतला की अज्ञानाचा नफा विक्रेत्याला मिळतो.

म्हणून तीन गोष्टी व्हायला हव्यात. एक, वेपच्या परिणामांवरील संशोधनात उपकरणाचा प्रकार, कॉइलचा रोध, तारेचा धातू आणि जोडणीची रचना स्पष्ट नोंदवली जावी. ‘ई-सिगारेट वापरली’ एवढी नोंद पुरेशी नाही. दोन, खोकला किंवा छातीतील दुखणे घेऊन आलेल्या तरुणाला डॉक्टरांनी ‘सिगारेट ओढतोस का?’ यावर न थांबता ‘वेप करतोस का, कोणते, कॉइल स्वतः बसवतोस का?’ असे रागावल्याविना विचारावे. खरे उत्तर त्याशिवाय मिळणार नाही. तीन, पालकांना मुलाच्या खणात बारीक स्क्रूड्रायव्हर, तारेचे रीळ आणि स्वच्छ कापसाच्या पट्ट्या सापडल्या, तर त्या पाहून घरात रणकंदन करण्याआधी शेजारी बसून विचारावे. जो मुलगा एवढे बारीक काम शिकतो त्याला ओहमचा नियमही कळतो. त्याच्याशी त्याच भाषेत बोलता येते.

आणि त्याला सांगायचे ते एवढेच. तीन खांबांपेक्षा चार भोकांची रचना बरी, ढिल्या चिमट्यापेक्षा घट्ट स्क्रू बरा, यात वाद नाही. पण या साऱ्या सुधारणा तार कशी धरावी याच्या आहेत. फुप्फुसाला काय सोसते, हा प्रश्न त्या रचनाकारांनी घेतलेलाच नव्हता. सवय सुटावी असे वाटत असेल तर तंबाखूमुक्तीसाठीची राष्ट्रीय मोफत दूरध्वनी सेवा १८००-११-२३५६ या क्रमांकावर आहे. तिथे स्क्रू आवळावा लागत नाही. प्लगची पिन काळी पडली तर प्लग बदलता येतो. श्वासनलिकेच्या बाबतीत ती सोय नाही.